मजकुराची शहानिशा

मच्छिंद्र पंतोजींची आणि माझी ओळख झाली ती आम्ही त्यांना नदीत धाडलं म्हणून.

म्हणजे मी स्वतः नाही धाडलं. धाडलं आमच्या सूनबाईंनी. पण त्यांच्या तोंडून रस्ता वदवून घेत होते मीच, तेव्हा ते पाप माझ्याच माथी.

चैत्रातली सकाळ होती. ओंकारेश्वराचं दर्शन घेऊन मी आणि सूनबाई नारायण पेठेत परतत होतो. पानिपताला तेव्हा वीस वर्षं उलटून गेली होती आणि पुणं पुन्हा गजबजलं होतं. आमच्या भोगावकरांचं घर म्हणजे चाळीस घोड्यांचं पथक बाळगणारं. बडं नाही आणि अगदीच किरकोळही नाही. त्यांच्या एकुलत्या एका मुलाला मुलगी केली ती थेट बुंदेलखंडातली. घर मराठ्यांचंच हो, पण आजा मुलखगिरीवर गेला तो तिकडचाच झाला, आणि नातीच्या तोंडी मराठीचा एक शब्द राहिला नाही. लग्नानंतर महिन्याभरात नवरा कर्नाटकच्या स्वारीवर गेला. मागे राहिली ही विजयमाला, तिची सासू मथुराबाई, आणि दोघींमध्ये एकच शब्द... ‘हओ’, म्हणजे तिकडचं ‘हो’.

जेवलीस का? हओ. नाही जेवलीस? हओ. डोकं दुखतंय की पोट? हओ.

आठ दिवस हे ऐकून मथुराबाईंनी मला बोलावलं. माझी आई याच घरात कामाला होती, मी इथंच वाढले. दहाव्या वर्षी लग्न झालं आणि पंधराव्या वर्षी नवरा लढाईत गेला. त्याचा चेहरा आठवायला जावं तर आधी त्याचा घोडाच आठवतो, इतकाच आमचा संसार. मग मी पुन्हा इथंच आले. आई गेली तरी मथुराबाईंनी मला जा म्हटलं नाही.

“मैने,” त्या म्हणाल्या, “तू जन्माची बडबडी. आजवर त्याचा मला त्रासच झाला. आता जरा उपयोग होऊ दे. हिला बोलती कर.”

तेव्हापासून मी सूनबाईंना मिळेल त्या माणसाशी बोलायला लावत होते. कासाराशी, फुलवालीशी, दारात आलेल्या वासुदेवाशी. त्या सकाळी समोरून एक उंच, सावळा तरुण आला. पागोटं नीट बांधलेलं, काखेत गाठोडं, उजव्या हाताच्या बोटांना शाई.

“बाई, भोगावकरांचा वाडा कुठं आला?”

मी सांगणारच होते. पण अशी संधी रोज येते थोडीच? मी सूनबाईंना कोपरानं ढोसलं. “वैनीसाहेब, सांगा.”

सूनबाईंनी हात पुढे केला. “इथून... सरळ. मग... उजवा हात. मग खाली... खाली... खाली.”

“फार उपकार झाले,” असं म्हणून तो निघून गेला.

सूनबाईंचा उजवा हात म्हणजे डावा होता, आणि ते ‘खाली खाली’ थेट मुठेच्या पाण्यात संपत होतं. मी हाक मारणार होते. पण सूनबाईंच्या तोंडावर असा काही आनंद... सबंध तीन वाक्यं बोलल्या होत्या त्या! माझी जीभ उचललीच नाही. आणि खरं सांगायचं तर तो माणूस पाठमोरा चालताना बरा दिसत होता.

दुपारी तोच माणूस आमच्या ओसरीवर उभा होता. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

“हे मच्छिंद्र पंतोजी,” मथुराबाई म्हणाल्या. “सुनेला लिहायला-वाचायला शिकवतील. पोराची पत्रं येतात ती हिला कारकुनाकडून वाचून घ्यावी लागतात. बरं दिसतं का ते?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांबाआड सरकले, पण खांब बारीक होता.

“वाडा सापडायला वेळ लागला वाटतं?” मथुराबाईंनी विचारलं.

“रस्ता यांनीच सांगितला होता.”

“मराठीतच सांगितला ना?” मी खांबाआडून म्हणाले.

“मराठीतच,” ते म्हणाले. “फक्त पुण्यातला नव्हता.”

असा सुरू झाला आमचा तंटा. सकाळी एक घटका त्यांची, दुपार माझी. पंतोजी आमच्याच मराठ्यांतले, बाप गडावर हवालदार. गडाच्या सबनिसांनी पोराचं वळणदार अक्षर पाहिलं आणि तलवारीऐवजी हाती बोरू दिला. आईबाप पटकीत गेले. पुढे लग्न जमवायला कुणी उरलं नाही आणि यांना स्वतःला सुचलं नाही. शिकवायला बसले की असे ताठ बसायचे, जणू श्रीगणेशा पहिल्यांदा यांनीच काढला. आणि अडचणीत सापडले की कानाची पाळी ओढायचे. हे मी पहिल्या आठवड्यातच टिपलं होतं... का, ते विचारू नका.

“मैनाबाई,” एकदा ते म्हणाले, “तुम्ही करता ते शिक्षण नव्हे. ते नुसतं बोलणं.”

“मग तुम्ही करता ते काय?”

“पाया घालतो. आधी मुळाक्षरं, मग बाराखड्या, मग कित्ता, मग पत्राचे मायने. पाठ झालं की पक्कं झालं.”

पक्कं कसं होतं ते त्याच संध्याकाळी दिसलं. जेवताना सूनबाईंना मीठ हवं होतं. सासूकडे मागायचं म्हणजे मोठ्यांशी बोलणं, आणि मोठ्यांशी कसं बोलायचं ते पंतोजींनी नुकतंच घोकून घेतलेलं. सूनबाई हात जोडून म्हणाल्या, “तीर्थस्वरूप मातोश्रींचे सेवेसी... विज्ञापना ऐसीजे...” आणि अडल्या. पत्राच्या मायन्यात मीठ नव्हतं.

मथुराबाई हातातला घास तसाच धरून वाट पाहत राहिल्या. “मैने,” शेवटी म्हणाल्या, “पोरगी काय मागतेय? जहागीर?”

दुसऱ्या दिवशी मी ही हकीकत पंतोजींना तिखटमीठ लावून सांगितली. त्यांनी कानाची पाळी ओढली. पण माझा आनंद फार टिकला नाही. मी सूनबाईंना सरुबाई भाजीवालीशी घासाघीस करायला शिकवलं होतं आणि ते त्यांना भलतंच आवडलं होतं. घरी मथुराबाईंच्या नणंद, आत्याबाई, आल्या, चुकून सूनबाईंच्या पायावर त्यांचा पाय पडला, आणि आमची शिष्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, “का गं ए, डोळे फुटले का?”

आत्याबाई न जेवता गेल्या. दुसऱ्या दिवशी पंतोजी घटकाभर नुसते हसत होते. हसले की बरे दिसायचे, तेवढ्यासाठी मी अपमान गिळला.

“पण मला एक सांगा,” ते एका दुपारी म्हणाले. हल्ली त्यांची घटका संपली तरी ते जायचे नाहीत. बोरू तासत बसायचे. एवढे बोरू कुणाला लागतात? “शिष्याला विद्या आली की नाही, हे तुम्हाला कळतं कसं?”

“तुम्हाला कसं कळतं?”

“विचारतो. दिलं तसंच्या तसं परत आलं, की आली.”

“तसं तर पोपटालाही येतं.”

“बरं. मग तुमची रीत सांगा.”

“मी थट्टा करते. हसली की समजायचं, आली. भाषेतली थट्टा कळली म्हणजे उरलं काय?”

“हे कुठल्या पोथीत लिहिलंय?”

“मला पोथी वाचता येत नाही, पंतोजी. मी माणसं वाचते.”

त्यांचा तासणारा हात थांबला. “मग मला वाचलंत?”

“अक्षर बरंय,” मी म्हणाले. “अर्थ लागत नाही.”

त्यांनी खाली पाहिलं आणि चांगला तासलेला बोरू मधोमध मोडला.

श्रावणात माझा भाऊ सोनबा कळसहून आला. मथुराबाईंच्या पुढ्यात बसून म्हणाला, “मैनाला न्यायाला आलोया. आमच्या गावच्या पाटलाशी बोलनं झालंय. पाट लावून देतो. गडी जरा वयानं हाय, पर धडधाकट हाय.”

“वयानं म्हणजे किती?” मथुराबाईंनी विचारलं.

“नातू हायेत दोन. त्येंला बी संबाळायला कुनी तरी पायजेच की.”

पाट लावायला माझी ना नव्हती. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्यात लाज कसली? पण हा पाटील मी पाहिला होता. तो बोलायचा फक्त बैलाशी.

“मला नाही जायचं,” मी म्हणाले.

“मंग जलमभर काय करनार हितं? कोन म्हनून ऱ्हानार?”

त्याचं चुकलं नव्हतं. मथुराबाईंनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाल्या, “सोनबा, दसऱ्याला ये. त्या दिवशी सोनं द्यायला चार घरच्या बायका येतील, सुनेला त्यांच्याशी नीट बोलता आलं पाहिजे. नवरात्रात तिची परीक्षा होईल. पार पडली तर मैना या घरात सुनेची सोबतीण म्हणून कायमची राहील, आणि तू पुन्हा पाटलाचं नाव काढायचं नाहीस. नाही पार पडली तर बहिणीला घेऊन जा.”

“परीक्षा कोन घेनार?”

“पंतोजी. मी घेतली तर लोक म्हणतील, सासूनं छळलं.”

मी वळून पाहिलं. दारात पंतोजी उभे होते. कानाची पाळी लाल झाली होती.

नंतर मी त्यांना गाठलं. “परीक्षा कशी घेणार?”

“घेतात तशी. धूळपाटीवर बाराखडी, कागदावर कित्ता, एक पत्र मायन्यासकट.”

“आणि बोलणं?”

“बोलण्याची परीक्षा कुठं असते, मैनाबाई?” ते हळू आवाजात म्हणाले. “मी शिकलो ते असंच शिकलो. दुसरं मला येत नाही.”

मी कपाळाला हात लावला. सूनबाई आता बाजारात खुशाल बोलत होत्या. पण त्यांच्या ‘क’ला अजून दोन शेपट्या फुटायच्या, आणि कित्त्यावरची ओळ चढणीला लागल्यासारखी वर वर जायची. म्हणजे माझं नशीब त्या दोन शेपट्यांना टांगलेलं होतं. पंतोजींना लबाडी करा म्हणून सांगावं, तर ते करणार नाहीत. आणि केली असती, तर मला ते आवडले नसते. असा सगळा घोळ.

भाद्रपदात स्वारीवरून पत्र आलं. बाहेर पाऊस कौलांवर एका लयीत पडत होता. सूनबाईंनी हट्ट धरला, की नवऱ्याचं पत्र कारकून वाचणार नाही, त्या स्वतः वाचणार. पंतोजी शेजारी बसले, मी समोर. बोट अक्षरावर, अक्षर ओठांवर...

“छा-व-णी-त स-र्व कु-श-ल. प-रं-तु जी-व ला-ग-त ना-ही.”

सूनबाईंनी मान वर केली. प्रत्येक अक्षर बरोबर वाचलं होतं, आणि अर्थाचा पत्ता नव्हता. “जीव कुठं लागत नाही? कशाला लागत नाही?”

पंतोजींनी पत्र जरा आपल्याकडे ओढलं. “म्हणजे... असं की... मैनाबाई सांगतील.”

“तुमच्या त्या पाया घालण्यात हे बसत नाही वाटतं?”

“नाही,” ते म्हणाले. “सांगा ना.”

आता हे कसं सांगायचं? मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “असं असतं, वैनीसाहेब... पान वाढलेलं असतं, पण भूक नसते. घरात दहा माणसं असतात आणि घर रिकामं वाटतं. दारात पाऊल वाजलं की वाटतं, आलं. आणि दुसरंच कुणी असतं, मग त्या दुसऱ्याचा उगाच राग येतो. काम करत असतो आपण, हात चालू असतात... पण कान दाराशीच...”

बोलता बोलता मी पाहिलं. पंतोजी पत्राकडे पाहत नव्हते.

जन्मात पहिल्यांदा मी वाक्य अर्धं सोडलं असेन.

“समजलं,” सूनबाई हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी पत्र छातीशी धरलं.

“मलाही,” पंतोजी म्हणाले. लगेच उठले, खांबाला धडकले आणि घोंगडी न घेताच पावसात निघून गेले.

नवरात्र बसायच्या आधी मथुराबाईंनी विचारलं, “परीक्षा कोणत्या दिवशी घेताय?”

पंतोजींनी कानाची पाळी ओढली. “नवमीला घेऊ.”

“अगदी दसऱ्याच्या आदल्या दिवशी? बरं. तुमची मर्जी.”

मला राग आला. जितका उशीर तितका जिवाला घोर. नऊ दिवस मी माळा ओवल्या, आरत्या केल्या, आणि देवीपुढे एकच मागणं मागितलं, की बाई, त्या ‘क’ची एक तरी शेपटी कमी कर.

खंडेनवमी उजाडली. अंगणात घोड्यांना अंघोळी घातल्या होत्या, त्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा. सोप्यात पाटावर तलवारी, ढाली, भाले मांडले होते. सोनबा बैलगाडी घेऊन अष्टमीलाच येऊन ओसरीवर बसला होता. गाडीत माझ्यासाठी गोधडीसुद्धा अंथरली होती त्यानं. ती पाहून मला रडूच यायला लागलं.

मथुराबाई मधोमध बसल्या. समोर सूनबाई, हात घामेजलेले. पंतोजी आले. हात रिकामे.

“धूळपाटी कुठाय?” मथुराबाईंनी विचारलं.

“पूजेत.”

“बोरू-दौत?”

“पूजेत.”

“कित्ता?”

“तोही पूजेतच आहे, बाईसाहेब.”

आणि खरंच, तलवारींच्या शेजारी सरस्वतीपुढे सगळं मांडलेलं होतं. हळदकुंकू, फूल, अक्षता. सप्तमीला सरस्वती बसली की दसऱ्यापर्यंत लिहिणं-वाचणं बंद, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. घोरापायी मला मात्र ते सुचलं नव्हतं.

“मग आता परीक्षा काय भाल्यानं घेणार?” मथुराबाई म्हणाल्या. “पंतोजी, तुम्हाला पंचांग बघता येतं ना?”

“तिथी... लक्षात राहिली नाही,” ते मान खाली घालून म्हणाले. “अनध्याय आहे. आज शिकणं-शिकवणं निषिद्ध.”

“उद्या घर पाहुण्यांनी भरणार. परीक्षा आजच झाली पाहिजे.”

ओसरीवरून सोनबा म्हणाला, “न्हाई झाली तर मी गाडी जुपतो.”

मला एकाएकी सुचलं. “तोंडी घ्या की!” मी पुढे झाले. “तुम्हीच म्हणता ना, बोलणं म्हणजे शिक्षण नव्हे? मग त्याला अनध्याय कसला?”

मथुराबाई खो खो हसल्या. “धरलं की हिनं तुम्हाला शेंडीला! घ्या आता तोंडी.”

पंतोजींनी मान हलवली. वादात हरलेला माणूस इतका शांत कसा, हे तेव्हा मला खटकायला हवं होतं. पण मला तेवढं भान नव्हतं.

ते सूनबाईंसमोर बसले. “सूनबाई, काहीही सांगा. पण पाठ केलेलं नको. मी शिकवलेलं तर नकोच.”

“मग काय सांगू?”

“जे रोज कानावर पडतं ते सांगा. मनानं.”

सूनबाईंनी क्षणभर विचार केला. मग एकदम चेहरा उजळला, आणि बांगड्या मागे सारून त्या सुरू झाल्या.

“रोज सकाळी पंतोजी येतात. ते यायच्या आधी मैनाताई दोनदा पदर नीट करतात. मग मला म्हणतात, ‘आला बघा बोरूचा राजा. चेहरा बघा, जसा काही सरस्वतीनं यालाच विचारून वीणा घेतली.’ मग थोडा वेळ गप्प बसतात. मग म्हणतात, ‘पण आवाज गोड आहे हो मेल्याचा.’”

मी उभी होते तिथंच खिळले. धावत जाऊन तोंड दाबावं, तर परीक्षा बुडते. न दाबावं, तर मी बुडते.

“पंतोजी गेले,” सूनबाई हातवारे करत, माझ्याच आवाजात, माझ्याच हेलात पुढे म्हणाल्या, “की ताई म्हणतात, ‘शाईची बोटं न धुताच भात कालवत असेल हा माणूस. घरी विचारणारं कोण आहे? एवढा शहाणा, आणि सदऱ्याचा बंद तुटलाय ते कळत नाही.’ त्या दिवशी मैनाताईंनी भाजीत दोनदा मीठ घातलं. मी म्हटलं, ‘ताई, मीठ!’ तर म्हणाल्या, ‘वैनीसाहेब, आज त्यांनी मला उगाचच, काही काम नसताना हाक मारली.’”

ओसरीवर सोनबाच्या हातातला विडा खाली पडला.

“आणि काल,” सूनबाईंचा आवाज उतरला, “गाडी आली तेव्हा ताई कोठीत रडत होत्या. मी विचारलं, पाटील वाईट आहे का? तर म्हणाल्या, ‘वाईट नसेलही. पण मी कळसला गेले तर माझा जीव लागायचा नाही.’”

मग सूनबाईंना जाणवलं, की आपण काहीतरी भलतं बोलून बसलो. त्यांनी जीभ चावली, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडातून हळूच निघालं, “हओ...”

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, मी फरशीकडे पाहून वाट बघत होते.

मथुराबाईंनी पदर तोंडाला लावला होता. खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “काय पंतोजी? निकाल?”

पंतोजींचे दोन्ही कान जास्वंदीसारखे लाल झाले होते. पण आवाज नीट होता. “भाषा उत्तम, बाईसाहेब. चूक काढायला जागा नाही. सूनबाई पार पडल्या.” मग थांबले. “मजकुराची मात्र... शहानिशा करावी लागेल.”

“ती कोण करणार?”

“परीक्षा ज्यानं घेतली, त्यानंच केलेली बरी.”

“करा,” मथुराबाई उठत म्हणाल्या. “पण दारं उघडी ठेवून.”

मी मागच्या पडवीत पळाले. तिथं उद्याच्या तोरणासाठी झेंडूचा ढीग पडला होता. माझं इथलं राहणं पक्कं झालं होतं, गाडी रिकामी परत जाणार होती. खरं तर नाचायला हवं होतं. मी मान वर न करता फुलं ओवायला बसले. समोर पावलं थांबली. ते खाली बसले, आमच्यामध्ये फुलांचा ढीग.

“प्रश्न पहिला,” ते म्हणाले. “पदर दोनदा नीट केला जातो, हे खरं?”

मी सुई फुलात खुपसली.

“प्रश्न दुसरा. आवाजाबद्दल जे म्हटलं गेलं...”

“मेल्याचा, असं म्हटलं होतं,” मी पुटपुटले. “तेवढंच खरं.”

“प्रश्न तिसरा.” आता त्यांचा आवाज गोड राहिला नव्हता, कापत होता. “कळसला गेलात तर जीव लागायचा नाही. कुणावाचून?”

मी तोंड उघडलं. शब्दच नाही! मी, जी वासुदेवालाही बोलून दमवते! बोटं पिवळी, सुई फुलात अडकलेली, आणि समोर हा माणूस वाट पाहतोय.

दाराआडून कुजबुज आली. “ताई, ‘तुमच्यावाचून’ म्हणा. तुमच्यावाचून!”

“सूनबाई,” पंतोजी मान न वळवता म्हणाले, “परीक्षेत सांगायचं नसतं.”

आत बांगड्या वाजल्या आणि पावलं लांब गेली. मला हसू फुटलं, आणि हसल्यावर जीभ सुटली.

“आधी तुम्ही सांगा,” मी म्हणाले. “सगळ्या पुण्याला तिथी ठाऊक असते, आणि तुमच्याच लक्षात राहत नाही? बोरू पूजेत मांडले कुणी?”

“मीच.”

“सप्तमीला?”

“हो.”

“मग... मुद्दाम?”

त्यांनी एक फूल उचललं, पाकळ्या मोजल्यासारखं पाहत राहिले. “पाटीवर परीक्षा घेतली असती तर सूनबाई बुडाल्या असत्या, मैनाबाई. खोटा निकाल मला देता आला नसता. आणि खरा...” ते थांबले. “खरा देऊन तुम्हाला गाडीत बसताना पाहणं, तेही जमलं नसतं. ते पत्र वाचलं त्या दिवशी कळलं. मी प्रत्येक अक्षर शिकवलं होतं, अर्थ तुम्ही सांगितलात. मग नुसती माझ्याच रीतीनं परीक्षा घेणं हा कुठला न्याय? पण बाईसाहेबांना तोंडानं सांगायचं धाडस नव्हतं. म्हणून तिथी पुढे केली.”

मी सुई खाली ठेवली. हा ताठ, शहाणा, कान ओढणारा माणूस माझ्यासाठी सगळ्यांपुढे अडाणी ठरला होता. पंचांग न कळणारा पंतोजी म्हणून पेठेत त्याची थट्टा होणार होती, आणि त्यानं ती आपण होऊन ओढवून घेतली होती.

“तुमच्यावाचून,” मी म्हणाले. “तुमच्यावाचून जीव लागायचा नाही. कळसलाही नाही आणि इथंही नाही. आता झाली शहानिशा?”

ढिगावरून त्यांचा हात पुढे आला आणि माझ्या पिवळ्या बोटांवर टेकला. शाईचा डाग तसाच होता. धुतली नव्हती बोटं, मी म्हटलं होतंच.

सोनबाला पटवायला फार वेळ लागला नाही. मथुराबाईंपुढे त्याचं काय चालणार? शिवाय गडी जातीचा, तरणा, आणि नातवंडं नसलेला. फक्त डोकं खाजवत तो म्हणाला, “पंतोजी, तुमचं पयलंच लगीन हाय. कोऱ्या गड्याला रांडमुंड बाईशी पाट लावायचा, तर आधी रुईच्या झाडाशी लगीन लावावं लागतंय. ती तुमची पयली बायकू. मंग आमची मैना.”

“लावा,” पंतोजी म्हणाले.

तुळशीचं लग्न झालं, आणि दुसऱ्या आठवड्यात नदीकाठच्या एका रुईला हळद लागली. मी दूर सूनबाईंजवळ उभी राहून पाहत होते. मुंडावळ्या बांधलेले पंतोजी कमरेएवढ्या झुडपासमोर तितकेच ताठ उभे. भटजी मंत्र म्हणत होते, वाऱ्यानं रुईची पानं हलत होती. मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. पुरी अर्धी घटका ते त्या झाडाचे नवरे होते.

मग आमचा पाट लागला, साधाच, चार माणसांत. सगळं आटोपून आम्ही दोघं नारायण पेठेच्या वाटेला लागलो. ते सारखे मागे वळून रुईकडे पाहत होते.

“काय झालं?” मी विचारलं. “पहिलीची आठवण येतेय?”

“येतेय,” ते गंभीरपणे म्हणाले. “अर्धी घटका संसार केला तिच्याशी. मी दोनदा तिच्याकडे पाहून हसलोसुद्धा. एक शब्द बोलली नाही.” ते थांबले, माझ्याकडे वळले. “भीती वाटली मला. म्हटलं, सोनबा गाडी घेऊन गेला असता तर माझं घर असंच राहिलं असतं. मैना... बोल काहीतरी. काहीही बोल.”

पहिल्यांदाच नुसतं मैना म्हणाले होते.

मग मी बोलू लागले. रुईचं बोलले, भटजींच्या पडशाचं, आत्याबाई अजून रुसलेल्या आहेत त्याचं, आणि सदऱ्याच्या तुटलेल्या बंदाचंही. घर येईपर्यंत मी बोलत होते, आणि ते माझ्याकडे पाहत चालत असल्यामुळे दोनदा ठेचकाळले.